फिगर स्केटिंगमधील स्पर्धा हंगामाचे नियोजन

फिगर स्केटिंगमधील स्पर्धा हंगामाचे नियोजन म्हणजे स्केटरचा वर्षभराचा सराव, नव्या कार्यक्रमांची निर्मिती, स्पर्धांची निवड, प्रवास आणि विश्रांती यांची एकत्रित आखणी होय. वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या स्पर्धेच्या वेळी खेळाडू आपल्या सर्वोत्तम स्थितीत असावा, हा तिचा हेतू असतो. शरीर वर्षभर सर्वोच्च क्षमतेवर राहू शकत नाही. त्यामुळे कोणत्या आठवड्यात शिखर गाठायचे आणि त्यासाठी कोणत्या स्पर्धेत कमी यश पत्करायचे, हा या नियोजनातील मूळ प्रश्न असतो. ही आखणी बहुधा प्रशिक्षक करतात. नृत्यरचनाकार, शारीरिक तंदुरुस्तीचे प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि राष्ट्रीय संघटना यांचाही तिच्यात सहभाग असतो.

हंगामाची चौकट

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा, म्हणजेच आयएसयूचा हंगाम १ जुलै रोजी सुरू होऊन पुढील वर्षी ३० जून रोजी संपतो. वयाची पात्रताही याच तारखेवरून ठरते. वरिष्ठ गटात खेळण्यासाठी किमान वय पूर्वी १५ वर्षे होते. जून २०२२ मध्ये फुकेत येथे झालेल्या आयएसयूच्या अधिवेशनात ते वाढवण्याचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. त्यानुसार २०२३-२४ च्या हंगामात ही मर्यादा १६ आणि २०२४-२५ पासून १७ वर्षे झाली. १ जुलैपूर्वी ठरावीक वय पूर्ण झालेले असणे आवश्यक असल्यामुळे ३० जूनला आणि २ जुलैला जन्मलेल्या दोन खेळाडूंच्या कारकिर्दीत एका पूर्ण हंगामाचे अंतर पडू शकते.

स्पर्धांचा क्रम दरवर्षी साधारणपणे सारखाच असतो. कनिष्ठ गटाची ग्रां प्री मालिका ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. त्याच सुमारास वरिष्ठ गटासाठी चॅलेंजर मालिकेतील स्पर्धा होऊ लागतात. ही मालिका २०१४-१५ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने वरिष्ठ ग्रां प्री मालिकेचे असतात, आणि तिची अंतिम स्पर्धा डिसेंबरमध्ये होते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा देशपरत्वे डिसेंबर किंवा जानेवारीत होतात. त्यानंतर युरोपीय देशांसाठी युरोपीय अजिंक्यपद आणि आशिया, आफ्रिका, अमेरिका व ओशनिया यांसाठी चार खंड अजिंक्यपद ही स्पर्धा असते. हंगामाचा शेवट मार्चमधील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेने होतो. दर चार वर्षांनी फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिक येते आणि नेहमीचे हिशेब बदलतात.

शेवटाकडून सुरुवातीकडे

हंगामाची आखणी दिनदर्शिकेच्या उलट दिशेने केली जाते. प्रथम मुख्य स्पर्धेची तारीख निश्चित होते आणि तेथून मागे येत सरावाचे टप्पे ठरवले जातात. क्रीडाशास्त्रात या पद्धतीला कालखंडीकरण म्हणतात. वर्षाची विभागणी पूर्वतयारी, स्पर्धा आणि संक्रमण अशा तीन कालखंडांत करण्याची पद्धत सोव्हिएत अभ्यासक लेव्ह मात्व्हेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली.

मात्र ही पद्धत भारोत्तोलन किंवा धावण्याच्या शर्यती यांसारख्या खेळांना जितकी सहज लागू पडते, तितकी फिगर स्केटिंगला पडत नाही. धावपटूला दरवर्षी नवी शर्यत तयार करावी लागत नाही. स्केटरला शारीरिक तयारीबरोबरच संगीत, नृत्यरचना आणि वेशभूषा असलेली एक नवी कलाकृती उभी करावी लागते. पंचांच्या प्रतिक्रियेनुसार ती हंगामाच्या मध्यावर बदलावीही लागते. शिवाय बहुतेक खेळाडूंना एकच नव्हे, तर दोन शिखरे गाठायची असतात. संघाची निवड राष्ट्रीय स्पर्धेवरून होत असल्यास डिसेंबर किंवा जानेवारीत पहिले शिखर गाठावे लागते आणि जागतिक स्पर्धा त्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी येते. जपानसारख्या देशात, जेथे राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबरच्या उत्तरार्धात असते आणि स्पर्धकांची पातळी अत्युच्च असते, तेथे ग्रां प्रीची अंतिम स्पर्धा खेळून परतलेल्या खेळाडूला जेमतेम दोन आठवड्यांत पुन्हा उभे राहावे लागते.

एप्रिल ते ऑगस्ट: पूर्वतयारी

जागतिक स्पर्धेनंतरचे काही आठवडे संक्रमणाचे असतात. या काळात जुन्या दुखापतींवर उपचार होतात आणि काही दिवस बर्फापासून पूर्ण विश्रांती घेतली जाते. नामांकित खेळाडूंना मात्र ही विश्रांती पूर्णपणे लाभत नाही. वसंत ऋतूत जपान आणि उत्तर अमेरिकेत बर्फावरील प्रदर्शनांचे दौरे होतात. अत्यंत खर्चिक असलेल्या या खेळात अनेकांचे वर्षभराचे अर्थकारण त्यांवर अवलंबून असते.

नव्या कार्यक्रमांची निर्मिती बहुधा मे आणि जून महिन्यांत होते. एकेरीतील प्रत्येक खेळाडूला दोन कार्यक्रम लागतात: २ मिनिटे ४० सेकंदांचा शॉर्ट प्रोग्राम आणि वरिष्ठ गटात ४ मिनिटांचा फ्री स्केट. दोहोंत १० सेकंदांची सवलत असते. पुरुषांचा फ्री स्केट २०१८ पर्यंत साडेचार मिनिटांचा होता. आइस डान्समधील जोड्यांना याहून एक बंधन अधिक असते. रिदम डान्सचा विषय आयएसयू प्रत्येक हंगामासाठी ठरवून देते. २०२३-२४ साठी तो १९८० चे दशक असा होता.

संगीताची निवड ही केवळ आवडीची बाब नाही. गायन असलेले संगीत २०१४-१५ पासून एकेरी आणि जोडी प्रकारांतही चालते. त्यामुळे लोकप्रिय गाण्यांचा वापर वाढला आणि त्याबरोबर स्वामित्वहक्कांचे प्रश्नही आले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी एका अमेरिकी जोडीच्या कार्यक्रमातील संगीतावरून न्यायालयात दावा दाखल झाला. तेव्हापासून हक्कांची परवानगी वेळेत मिळवणे हेही पूर्वतयारीच्या यादीत आले आहे.

बुटांचा विषय किरकोळ वाटला तरी तसा नाही. स्केटिंगचे नवे बूट अतिशय ताठ असतात आणि ते पायाला रुळण्यास काही आठवडे लागू शकतात. म्हणून शक्यतो स्पर्धांच्या मध्ये बूट बदलत नाहीत. पूर्वतयारीच्या काळातच ते बदलून घेतात. पात्यांना धार लावण्याबाबतही हाच दंडक असतो. धार स्पर्धेच्या काही दिवस आधी लावली जाते. आदल्या दिवशी लावल्यास बर्फावरील पकड अनोळखी वाटते.

जुलै आणि ऑगस्टमध्ये कार्यक्रमाचे भाग एकत्र जोडले जातात. आरंभी स्वतंत्र उड्या आणि गिरक्या, मग कार्यक्रमाचा अर्धा भाग आणि अखेरीस संगीतासह संपूर्ण कार्यक्रम असा हा क्रम असतो. एकेकटी उडी सहज जमणारा खेळाडू चौथ्या मिनिटाला थकलेल्या पायांनी तीच उडी मारू शकेल की नाही, हे येथे कळते. या सुमारास होणाऱ्या लहान स्पर्धांत निकालाला फारसे महत्त्व नसते. पंचांनी कोणत्या घटकाला कोणती पातळी दिली आणि कोणती उडी अपुऱ्या फेऱ्यांची ठरवली, याची माहिती मिळवण्यासाठी खेळाडू तेथे उतरतात.

उड्यांची निवड आणि गुणांचे गणित

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील पंचगिरीच्या वादानंतर ६.० गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००४ मध्ये नवी गुणांकनपद्धती स्वीकारली गेली. नव्या पद्धतीत प्रत्येक घटकाला ठरावीक मूळ मूल्य असते, आणि त्याच्या सादरीकरणासाठी २०१८ पासून −५ ते +५ अशी श्रेणी दिली जाते. त्यामुळे हंगामाच्या नियोजनात अंकगणिताला मोठे स्थान आले.

२०१८ नंतरच्या मूल्यतक्त्यांनुसार चार फेऱ्यांच्या टो लूपचे मूळ मूल्य ९.५० आणि तीन फेऱ्यांच्या टो लूपचे ४.२० आहे. चार फेऱ्या पूर्ण करून खेळाडू पडला तर सादरीकरणाची श्रेणी −५ होते आणि मूळ मूल्याचे निम्मे गुण जातात. उरलेल्या ४.७५ मधून पडल्याबद्दल आणखी एक गुण वजा होऊन हाती ३.७५ राहतात. म्हणजेच पडलेली मोठी उडी ही नीट उतरलेल्या लहान उडीपेक्षा कमी मोलाची ठरते. चार फेऱ्यांच्या लुट्झच्या बाबतीतही तेच घडते: ११.५० चे ४.७५ होतात, तर तीन फेऱ्यांच्या स्वच्छ लुट्झला किमान ५.९० मिळतात. पडल्यामुळे कलात्मक गुणांत होणारी घट आणि उरलेल्या कार्यक्रमावर होणारा परिणाम वेगळाच.

असे असूनही हंगामाच्या आरंभी अनेक खेळाडू अर्धवट जमलेल्या उड्या स्पर्धेत घेतात. सरावात दहापैकी पाच वेळा जमणारी उडी स्पर्धेच्या दडपणाखाली किती वेळा जमते, हे स्पर्धेतच समजते. सप्टेंबरमध्ये तिची किंमत थोडी असते, मार्चमध्ये फार. म्हणून पुष्कळदा दोन आराखडे तयार ठेवले जातात, एक पूर्ण क्षमतेचा आणि दुसरा राखीव. कोणता वापरायचा हे सकाळच्या सरावानंतरही ठरू शकते.

नियम बदलले की ही गणितेही बदलतात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना १० टक्के अधिक मूल्य मिळत असे. या तरतुदीचा पूर्ण लाभ घेत रशियाच्या अलिना झागितोव्हाने २०१७-१८ मध्ये फ्री स्केटमधील आपल्या सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या. त्या हंगामानंतर नियमात दुरुस्ती झाली. आता हा लाभ शॉर्ट प्रोग्राममध्ये केवळ शेवटच्या आणि फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीन उड्यांनाच मिळतो.

स्पर्धांची निवड

ग्रां प्री मालिकेत सहा स्पर्धा असतात आणि एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन स्पर्धांत स्थान मिळते. तेथे विजेत्याला १५, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११ असे गुण मिळतात आणि एकूण गुणांनुसार पहिले सहा अंतिम स्पर्धेत जातात. कोणत्या दोन स्पर्धा मिळतील हे पूर्णपणे खेळाडूच्या हाती नसते. वाटप आयएसयू आणि यजमान देश करतात. लागोपाठच्या आठवड्यांत दोन वेगवेगळ्या खंडांत खेळावे लागले तर वेळेच्या फरकाशी जुळवून घेण्यासही पुरेसे दिवस मिळत नाहीत. मालिकेतील शेवटची स्पर्धा मिळाल्यास अंतिम फेरीपूर्वीची विश्रांती फार थोडी उरते.

ज्यांना ग्रां प्रीमध्ये स्थान नाही, त्यांच्यासाठी लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा निर्णायक असतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरण्यासाठी शॉर्ट प्रोग्राम आणि फ्री स्केट या दोन्हींत ठरावीक किमान तांत्रिक गुण चालू किंवा लगतच्या मागील हंगामात मिळवलेले असावे लागतात. लहान देशांच्या अनेक खेळाडूंचा संपूर्ण शरद ऋतू या किमान गुणांच्या मागे जातो. त्यांच्या नियोजनात पदकाचा विचारही नसतो.

या नियमाचा सर्वांत परिचित दाखला मात्र एका ऑलिंपिक विजेतीचा आहे. दक्षिण कोरियाच्या किम युनाने २०११-१२ चा पूर्ण हंगाम विश्रांती घेतली. त्यामुळे पुनरागमनाच्या वेळी तिच्याकडे ग्राह्य धरता येतील असे गुण नव्हते. तिने ग्रां प्री मालिका टाळली आणि डिसेंबर २०१२ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड येथे एनआरडब्ल्यू ट्रॉफी ही लहान स्पर्धा निवडली. तेथे २०१.६१ गुण मिळवून तिने पात्रता पूर्ण केली. जानेवारीत ती कोरियाची राष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि मार्च २०१३ मध्ये कॅनडातील लंडन येथे २१८.३१ गुणांसह विश्वविजेती झाली. संपूर्ण हंगामात केवळ तीन स्पर्धा. त्यांतून देशालाही लाभ झाला: एकच स्पर्धक असलेल्या देशाचा खेळाडू पहिल्या दोघांत आल्यास पुढील वेळी त्या देशाला तीन जागा मिळतात. त्यानुसार २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या तीन महिला उतरल्या.

जागांचा हा हिशेब खेळाडूच्या नियोजनावर बाहेरून पडणारे ओझे आहे. खेळाडू तिसरा ते दहावा आल्यास दोन जागा मिळतात, त्याखाली एकच. ज्या देशाकडे एकच चांगला स्केटर आहे, त्याच्या मार्चमधील एका चुकीची किंमत पुढील वर्षी दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

शिखर

मुख्य स्पर्धेपूर्वीच्या साधारण दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण घटवले जाते, तीव्रता मात्र कायम ठेवली जाते. उड्यांची संख्या कमी होते, पण अवघड उड्या सोडून दिल्या जात नाहीत. साचलेला थकवा जावा आणि कौशल्य बोथट होऊ नये, हा हेतू असतो. हा काळ मानसिकदृष्ट्या कठीण मानला जातो, कारण कमी सराव करणे म्हणजे तयारी कमी पडणे असे खेळाडूला वाटत राहते.

ऑलिंपिक वर्षात सांघिक स्पर्धेमुळे आणखी गुंतागुंत होते. २०१४ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा वैयक्तिक स्पर्धेच्या काही दिवस आधी असते. देशासाठी पदक मिळण्याची शक्यता असली की तीत उतरणे टाळता येत नाही, आणि शिखराचा काळ आठवड्याभराने लांबवावा लागतो.

२०१७-१८ चा हंगाम

पुरुष एकेरीचा २०१७-१८ चा हंगाम नियोजनाच्या शक्यता आणि मर्यादा या दोन्ही दृष्टींनी अभ्यासण्याजोगा आहे.

जपानच्या युझुरु हान्यूने या ऑलिंपिक हंगामासाठी नवे कार्यक्रम तयार केले नाहीत. शॉर्ट प्रोग्रामसाठी त्याने शोपँचे पहिले बॅलड पुन्हा निवडले, आणि फ्री स्केटसाठी २०१५-१६ मधील 'सेईमेई'. अंगवळणी पडलेल्या कार्यक्रमांमुळे वाचणारी शक्ती अवघड उड्यांकडे वळवता येते, हे या निवडीमागील उघड तर्कशास्त्र होते. सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रियल येथे त्याने शॉर्ट प्रोग्राममध्ये ११२.७२ गुणांचा विक्रम केला. फ्री स्केटमध्ये मात्र तो घसरला आणि दुसरा आला. ऑक्टोबरमध्ये मॉस्को येथेही तो दुसरा होता. ९ नोव्हेंबर रोजी ओसाका येथे एनएचके ट्रॉफीच्या सरावात चार फेऱ्यांच्या लुट्झवर तो पडला आणि त्याच्या उजव्या घोट्याला इजा झाली. ग्रां प्रीची अंतिम आणि राष्ट्रीय या दोन्ही स्पर्धा त्याला सोडाव्या लागल्या. पूर्वीच्या कामगिरीच्या आधारे त्याला संघात स्थान मिळाले. बर्फावर तो जानेवारीत परतला.

हाती थोडे आठवडे उरले असताना लुट्झ आणि लूप या चार फेऱ्यांच्या उड्या वगळून साल्खो आणि टो लूप यांवर कार्यक्रम उभा केला गेला. सुमारे चार महिने एकही स्पर्धा न खेळता हान्यू प्याँगचांग येथे उतरला आणि १७ फेब्रुवारी २०१८ रोजी ३१७.८५ गुणांसह सुवर्णपदक जिंकला. अमेरिकेच्या डिक बटनने १९५२ मध्ये सलग दुसरे सुवर्ण जिंकल्यानंतर पुरुष एकेरीत असे प्रथमच घडले. त्यानंतर मार्चमधील जागतिक स्पर्धेत तो खेळला नाही.

अमेरिकेच्या नेथन चेनचा हंगाम कागदावर याहून पुष्कळ सुरळीत होता. मॉस्को आणि लेक प्लॅसिड येथील ग्रां प्री, नागोया येथील अंतिम स्पर्धा आणि जानेवारीतील राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकल्या होत्या. ऑलिंपिकमध्ये मात्र सांघिक स्पर्धेतील शॉर्ट प्रोग्राम चुकला आणि वैयक्तिक स्पर्धेत तो शॉर्ट प्रोग्रामनंतर १७ व्या स्थानी फेकला गेला. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये चार फेऱ्यांच्या सहा उड्या मारून त्याने २१५.०८ गुण मिळवले. त्या फेरीतील ते सर्वाधिक गुण होते, तरी एकूण क्रमांक पाचवा राहिला. महिन्याभराने मिलान येथे ३२१.४० गुणांसह तो विश्वविजेता झाला. शरीराची तयारी योग्य वेळी झालेली होती, असेच या आकड्यांवरून दिसते. शॉर्ट प्रोग्राममधील अपयशाचे कारण सरावाच्या तक्त्यात शोधून सापडत नाही.

त्याच मिलानमध्ये महिला गटात उलट घडले. ऑलिंपिक विजेती झागितोव्हा फ्री स्केटमध्ये तीनदा पडली आणि पाचवी आली. ऑलिंपिकनंतर अवघ्या चार आठवड्यांनी होणाऱ्या जागतिक स्पर्धेतून अनेक पदकविजेते माघार घेतात, त्यामागचे कारण अशा निकालांतून दिसते.

वाढते वय आणि दुखापती

कनिष्ठ गटातील नियोजन निराळे असते, कारण तेथे शरीरच बदलत असते. उंची वाढली की हवेतील गिरकीचा अक्ष बदलतो आणि वर्षभरापूर्वी सहज येणाऱ्या उड्या नव्याने शिकाव्या लागतात. अशा वर्षी मोठ्या उड्यांची संख्या कमी ठेवून स्केटिंगचे मूलभूत कौशल्य वाढवणे शहाणपणाचे मानले जाते. स्पर्धांचे वेळापत्रक आणि पालकांच्या अपेक्षा यांमुळे ते नेहमीच घडते असे नाही.

उडीवरून उतरताना एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार येतो. म्हणून काही प्रशिक्षक दिवसाच्या उड्यांची नोंद ठेवतात. पावलाच्या हाडांत येणारे ताणजन्य अस्थिभंग या खेळात नेहमीचे आहेत. रशियाच्या येवगेनिया मेदवेदेवाच्या पावलाचे हाड २०१७ च्या शरद ऋतूत मोडले, त्यामुळे तिला ग्रां प्रीच्या अंतिम स्पर्धेस मुकावे लागले. फेब्रुवारीत ती झागितोव्हापेक्षा १.३१ गुणांनी मागे राहून रौप्यपदक विजेती ठरली. अपुऱ्या आहारामुळे हाडे, संप्रेरके आणि मासिक पाळी यांवर होणाऱ्या परिणामांकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मधील निवेदनाद्वारे लक्ष वेधले. वजन कमी ठेवल्यास उडी सोपी होते, या समजुतीने आखलेल्या हंगामाची किंमत पुष्कळदा पुढील हंगामात चुकवावी लागते. वरिष्ठ गटाचे किमान वय वाढवण्यामागे खेळाडूंच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा विचार असल्याचे आयएसयूने म्हटले होते.

भारतातील स्थिती

वर वर्णिलेले सर्व नियोजन वर्षभर उपलब्ध असलेल्या कृत्रिम बर्फावर अवलंबून आहे. भारतात नेमकी त्याचीच उणीव राहिली आहे. शिमल्याचे रिंक १९२० पासून आहे, पण ते उघड्यावरचे आणि नैसर्गिक बर्फाचे असल्याने साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच वापरता येते. म्हणजे आंतरराष्ट्रीय हंगामाचा पूर्वार्ध संपत आल्यावर तेथे सराव सुरू होतो. महाराष्ट्रात तर स्केटिंग म्हटले की बहुधा चाकांवरचे स्केटिंगच अभिप्रेत असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताचे प्रतिनिधित्व करणारे काही खेळाडू परदेशात वाढलेले आहेत. चार खंड अजिंक्यपद स्पर्धेत भारताकडून उतरलेल्या तारा प्रसादचा जन्म अमेरिकेतील आहे. डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले बंदिस्त रिंक त्यानंतर अनेक वर्षे बंद होते. ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले.